तलफ ही आठवणच असते

रात्री अकरानंतर कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेर दोन-चार पोरं उभी दिसतात. कुणी एमपीएससी करतोय, कुणी पोलीस भरती, कुणी बँकेच्या परीक्षा. एका हातात चहाचा कप आणि पुष्कळदा दुसऱ्या तळव्यावर चुना लावून मळायला घेतलेली तंबाखू. काहींच्या खिशात माव्याची पुडी. का खातोस म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: बार भरल्याशिवाय डोकं चालत नाही. हे उत्तर झिडकारून चालणार नाही. पोराला जे जाणवतं ते खरंच जाणवतं. त्याचं कारण मात्र तो समजतो ते नसतं, आणि हे कारण समजावून घेणं त्याच्या अभ्यासासाठी कुठल्याही गाईडइतकं गरजेचं आहे.

शिकायला म्हणून खेड्यापाड्यांतून मुलं या शहरात येतात, ही रीत जुनी आहे. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली, 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. आज त्याच ओढीनं आलेली मुलं खोली भाड्यानं घेऊन राहतात. मेंदू कसा शिकतो आणि नशा त्या शिकण्याचं काय करते, हा प्रश्न म्हणूनच इथे घराघराचा आहे.

शिकणं एकाच प्रकारचं नसतं, हे कळायला एका माणसाचं अख्खं आयुष्य कारणी लागलं. हेन्री मोलेसन नावाचा अमेरिकन तरुण. फिट्सच्या आजारानं हैराण झालेला. 1953 मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि भोवतालचा बराचसा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतरची नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. सकाळी भेटलेला डॉक्टर दुपारी त्याला परका. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. रोज त्याला वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतोय, आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चाले. म्हणजे डोक्याला आठवत नव्हतं, पण हात शिकत होता.

यावरून कळलं की इतिहासातलं साल, घटनेतलं कलम, काल भेटलेल्या माणसाचं नाव हे सगळं नोंदवायला हिप्पोकॅम्पस लागतो. सायकल चालवणं, बोटांची लकब, सवयी यांचा कारभार मुख्यतः मेंदूच्या दुसऱ्या, खोलवरच्या भागांकडे असतो. परीक्षा पहिल्या आठवणीवर द्यायची असते. व्यसन दुसरीत घर करतं. मला या लेखात सांगायचंय ते एवढंच, की बहुतेक नशा पहिल्या आठवणीला दुबळं करतात आणि दुसरीला पोसतात. एकाच डोक्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

दोन्हींच्या बुडाशी यंत्रणा मात्र सारखीच आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जिथे निरोप देतात त्या जागेला चेतासंधी म्हणतात. निरोप वारंवार आणि जोरानं गेला की तो सांधा बळकट होतो आणि पुढच्या वेळी थोडक्या इशाऱ्यावर निरोप पोचतो. 1973 साली ब्लिस आणि लोमो या दोघा शास्त्रज्ञांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे मोजून दाखवलं. आज शिकण्याची पेशींमधली सगळ्यात भक्कम खूण म्हणून हीच मानली जाते. कुठला सांधा बळकट करायचा, हे ठरवण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. लोक त्याला सुखाचं रसायन म्हणतात, पण त्याचं काम त्याहून बारीक आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांना फळाच्या रसाचे थेंब दिले आणि डोपामिन सोडणाऱ्या पेशींवर लक्ष ठेवलं. पहिल्यांदा रस मिळाला तेव्हा पेशी उसळल्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला उमगलं, तेव्हा त्या दिवा लागताच उसळू लागल्या आणि रस मिळाल्यावर गप्प राहू लागल्या. दिवा लागून रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावल्या. डोपामिन सांगतं ते असं: अपेक्षेपेक्षा चांगलं घडलंय, याच्या आधी काय झालं होतं ते लक्षात ठेव. सगळं अपेक्षेप्रमाणे घडलं की ते थांबतं. आईच्या हातचा तांबडा रस्सा दर रविवारी आवडीनं खाल्ला तरी त्याची नवी शिकवण मेंदू दर वेळी लिहीत बसत नाही.

नशेचे पदार्थ हा नियम मोडतात. निकोटिन, दारू, कोकेन, मेफेड्रोन यांचे रस्ते वेगवेगळे, पण डोपामिन वाढवण्यात सगळे एक. आणि ही वाढ अपेक्षेवर अवलंबून नसते, रसायनच ती घडवून आणतं. त्यामुळे शंभराव्या वेळीसुद्धा मेंदूला वाटतं की अपेक्षेपेक्षा चांगलं घडलं, आधीचं सगळं नोंदवून ठेव. शिकवणी संपतच नाही. 2001 साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात कोकेनच्या एकाच इंजेक्शननंतर डोपामिनच्या पेशींवरचे सांधे बळकट झाले आणि तो बदल पाच दिवस टिकला. नंतर दारू, निकोटिन, मॉर्फिन यांच्याही एकेका मात्रेनंतर तसाच बदल दिसला. एकदा घेतल्यानं कुणी व्यसनी होत नाही, पण मेंदूची शिकण्याची तयारी पहिल्या वेळेपासूनच सुरू होते.

आता अभ्यासिकेबाहेरच्या त्या पोराकडे येऊ. मेंदूत अॅसिटिलकोलिन नावाचा एक निरोप्या आहे, लक्ष एकवटण्यात त्याचा मोठा हात असतो. निकोटिन त्याच्याच जागी जाऊन बसतं. म्हणून ज्यानं कधी तंबाखू खाल्ली नाही त्यालासुद्धा प्रयोगात निकोटिन दिलं, तर लक्ष किंचित सुधारलेलं दिसतं. तंबाखूबरोबर चुना उगाच येत नाही. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन सुटं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून लवकर रक्तात उतरतं. हा शोध प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी तळव्यावर लागलेला आहे.

इथवर पोराचं म्हणणं खरं ठरतं. पुढे जे होतं ते त्याला दिसत नाही. रोज निकोटिन यायला लागलं की ते जिथे बसतं त्या ग्राही, म्हणजे पेशीवरच्या रसायन टिपणाऱ्या जागा, बधिर होतात आणि त्यांची संख्या वाढते. आता निकोटिन नसेल तेव्हा मेंदूचं नेहमीचं कामसुद्धा नीट चालत नाही. तीन-चार तास बार भरला नाही की वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, चिडचिड होते, मन उडतं. मग चिमूट लावली की लक्ष पुन्हा ताळ्यावर. त्याला वाटतं तंबाखूनं आपल्याला वर नेलं. प्रत्यक्षात तिनंच खाली ओढलेलं लक्ष तिनं परत केलं आणि तो न खाणाऱ्या मित्राच्या पातळीला येऊन पोचला. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास तंबाखू चालत नाही, त्यामुळे नेमक्या त्या वेळी हे ओझं त्याच्या डोक्यावर असतं.

चहा वेगळा. त्याला मी या पंगतीत बसवणार नाही. पण रात्री दोनला अभ्यासासाठी घेतलेल्या चहाचा हिशेब मांडायलाच हवा. दिवसभर मेंदूत अॅडेनोसिन साचत जातं आणि त्यातून झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याला अडवतं. झोपेची गरज त्यामुळे संपत नाही, फक्त कळेनाशी होते. घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. आणि हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसभर कच्ची नोंदवलेली माहिती पक्की होण्याचं मोठं काम गाढ झोपेत चालतं. जागून वाचलेलं टिकावं तर झोप हवी, आणि जागरणानं नेमकी तीच जाते.

दारूचा विषय निघाला की मराठी माणसाला गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आठवतो. नाटक रंगभूमीवर आलं 1919 मध्ये, गडकरी गेले त्याच वर्षी. त्यातल्या सुधाकर वकिलाचा कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, आणि हा सल विसरायला तळीराम त्याला पहिला प्याला देतो. दुःख विसरायला पितो, हे कारण आजही घरोघर ऐकू येतं. मेंदूचं शास्त्र या कारणाच्या बरोबर उलट बोलतं, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. दारू जुनी आठवण पुसत नाही, ती नवी आठवण लिहू देत नाही. प्यायच्या आधी शिकलेली गोष्ट दारू घेतल्यावर उलट जास्त नीट लक्षात राहते, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. कारण त्यानंतर मेंदूत नवं काही शिरत नाही आणि आधीच्या गोष्टीला पक्कं व्हायला मोकळीक मिळते. म्हणजे अपमान झाल्याच्या संध्याकाळी जो पितो, तो अपमान जतन करतो. हरवते ती नंतरची रात्र: घरी कसा आलो, बायकोला काय बोललो, पोरं का रडत होती.

अमेरिकेत डोनाल्ड गुडविन या मनोविकारतज्ज्ञानं 1970 च्या सुमारास या हरवलेल्या रात्रींचा प्रत्यक्ष अभ्यास केला. जुन्या पिणाऱ्यांना बसवून भरपूर व्हिस्की दिली, आणि मध्येच झाकलेला तवा पुढे करून विचारलं, भूक लागलीय का? उत्तर आलं की सांगितलं, यात मेलेले उंदीर आहेत. दोन मिनिटांनी विचारलं तर त्यांना ते आठवत होतं. अर्ध्या तासानं विचारलं तर त्यांतल्या बऱ्याच जणांच्या लेखी असं काही घडलंच नव्हतं, दुसऱ्या दिवशीही नाही. माणूस त्या वेळी बेशुद्ध नसतो, बोलतो, चालतो, गाडीसुद्धा चालवतो. पण दारूनं ग्लुटामेट या रसायनाचा निरोप दाबलेला असतो, हिप्पोकॅम्पसमधले सांधे बळकट होऊ शकत नाहीत, आणि घडणारं सगळं वाहून जातं. उपाशीपोटी, घाईघाईनं प्यायलं की रक्तातली दारू झपाट्यानं चढते आणि हा धोका सगळ्यात जास्त असतो. सकाळी तो म्हणतो, मी असं केलंच नाही. घरच्यांना ते खोटं वाटतं. पुष्कळदा त्याच्यापुरतं ते खरंच असतं, आणि त्यामुळे त्याची जबाबदारी टळत नाही.

वर्षानुवर्षं जेवणाऐवजी दारूवर राहणाऱ्याच्या शरीरात थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व तुटतं. मेंदूत खोलवर आठवणींच्या वाटेवरचे काही भाग त्यामुळे मरतात. रशियातल्या सर्गेई कोर्साकोव्हनं 1880 च्या दशकात या रोगाचं वर्णन केलं, त्याच्याच नावानं तो ओळखला जातो. असा रुग्ण आत्ताचं विसरतो आणि मधली रिकामी जागा मनानं रचलेल्या गोष्टींनी भरतो, तीही पूर्ण विश्वासानं. लवकर थायमिन टोचलं तर बराच भाग वाचतो. म्हणून दारू सोडवायला आणलेल्या माणसाला डॉक्टर आधी ब-1 देतात.

गांजा आणि भांग यांबद्दल थोडक्यात. त्यातलं मुख्य द्रव्य टीएचसी 1964 मध्ये इस्राएलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी वेगळं काढलं. ते जिथे बसतं त्या ग्राही हिप्पोकॅम्पसमध्ये दाटीनं आहेत. म्हणून महाशिवरात्रीला भांगेची थंडाई घेतलेला माणूस वाक्य सुरू करतो आणि कुठे निघालो होतो ते विसरतो. मोठ्या माणसानं घेणं थांबवलं तर काही आठवड्यांत स्मरण बऱ्यापैकी सुधारतं. शाळकरी वयात रोज घेणाऱ्यांचं नुकसान किती टिकतं यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण ज्या वयात बक्षिसाची यंत्रणा जोरात आणि तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत अपुरा, त्या वयात हा प्रयोग करून बघण्यासारखा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेफेड्रोन म्हणजे एमडी. हे नाव मुंबई-पुण्याचं वाटे. पण नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एका फार्महाऊसवर छापा घातला, तिथे एमडीचा कारखाना निघाला. ढोलगरवाडी म्हटलं की आपल्याला सर्पशाळा आठवायची, नागपंचमीला सापांची भीती घालवणारं गाव. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या एमडी कारखान्यातून निघालेला धागा सांगलीच्या कुपवाडपर्यंत आला. एमडी डोपामिन आणि सेरोटोनिन ही दोन्ही रसायनं एकदम उसळवतं आणि त्याचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून एकाच रात्री पुन्हा पुन्हा घेतलं जातं. म्हणजे एका रात्रीत शिकवणीचे कितीतरी तास. घेतलेलं असताना साधे चार आकडे डोक्यात धरून ठेवणंही अवघड होतं, आणि झोप उडाल्यामुळे आदल्या दिवशीचं पक्कं व्हायचंही राहून जातं.

आता तलफेकडे. सोडून तीन वर्षं झालेला माणूस बसमधून जाताना शेजाऱ्यानं तंबाखूची डबी उघडली, चुन्याचा वास आला, तळव्यावर दोन थापट्या वाजल्या, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. निकोटिन त्याच्या रक्तातून केव्हाच गेलंय. हे काम आठवणीचं आहे, आणि ते शुल्ट्झच्या माकडांच्या दिव्यासारखंच चालतं. आता थापटीचा आवाजच डोपामिन उसळवतो. अशी खूण डोळ्यांपुढे इतकी कमी वेळ चमकवली की बघणाऱ्याला दिसलीसुद्धा नाही, तरी कोकेनच्या व्यसनी माणसांच्या मेंदूतले बक्षिसाचे भाग जागे झालेले प्रयोगात दिसलेत. ज्याला आपण मनाचा दुबळेपणा म्हणतो ते पुष्कळदा उत्तम शिकलेल्या मेंदूचं लक्षण असतं.

ही आठवण जागेशी किती जखडलेली असते, ते व्हिएतनाम युद्धानं दाखवलं. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक घरी परतले तेव्हा सरकार धास्तावलं होतं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते शंभरात पाचच्या आसपास. ज्या वातावरणात ते शिकले ते वातावरणच मागे राहिलं होतं. आपल्याकडच्या माणसाचं उलट होतं. केंद्रात काही आठवडे राहून तो बरा होतो आणि त्याच गल्लीत, त्याच टपरीसमोर, त्याच मित्रांत परततो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून घरच्यांना बरोबर घेऊन आणि नंतरच्या पाठपुराव्यावर भर देत आलंय, त्यामागे हेच शहाणपण आहे. ते उभं करणाऱ्यांपैकी अनिल अवचटांनी आधी कोल्हापूरच्या शेजारच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांवर लिहिलं होतं. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची मोठी पेठ. या भागात तंबाखू पोटाची भाकर आहे, आणि म्हणून तिच्या खुणाही घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतात.

सगळ्यात घट्ट खूण मिश्रीची. सकाळी उठून पहिली गोष्ट म्हणजे भाजलेली तंबाखू हिरड्यांना लावायची. ज्या बाईला चाळीस वर्षं ती सवय आहे तिच्यासाठी सकाळ होणं हीच खूण झालेली असते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ शंभरात जेमतेम 4, तर चघळणारे-लावणारे सुमारे 24 निघाले. बायकांची मिश्री त्यातच आली. मुंबईतल्या गरोदर बायकांवर झालेल्या अभ्यासात मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी जन्मली. निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं, आणि तिथे तो मेंदू घडतोय ज्याला पुढे शाळेत जायचंय. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा पिल्लांचं लक्ष आणि शिकणं कमी पडलेलं दिसतं. घरात नवी सून गरोदर असेल तर सासूची मिश्री हा मला बोलून दाखवण्याचाच विषय वाटतो.

या आठवणी पुसता येतात का? आज तरी पुरत्या नाही. खूण समोर असताना वारंवार न घेण्यानं एक नवी शिकवण तयार होते, जुनी तिच्याखाली राहते. उसाच्या फडात नवा पाट काढला तरी जुना बुजत नाही, बांध जरा ढासळला की पाणी जुन्या वाटेनं धावतं, तसं. म्हणून ताण आला, जुन्या जागी परतणं झालं, जुना मित्र भेटला की घसरण होते, आणि घसरलेल्या माणसाची आधीची सगळी मेहनत फुकट गेली असं समजणं चुकीचं आहे. नवा पाट असतोच. शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे. या कायद्यांकडे लोक पकडापकडीचा विषय म्हणून बघतात. पोराच्या रोजच्या वाटेवरच्या खुणा कमी करणं, हा त्यांचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो, आणि हेच कायदे टपऱ्यांवर रोज पायदळी तुडवले जातात.

अभ्यासिकेबाहेरच्या त्या पोराला तंबाखू सोडायची असेल तर परीक्षेच्या आठवड्यात सोडू नये. पहिले काही दिवस लक्ष सगळ्यात जास्त उडतं, चिडचिड आणि मंदपणा दोन ते चार आठवडे राहतो. वाढलेल्या ग्राहींची संख्या न ओढणाऱ्याइतकी व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात, असं सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासणीत दिसलंय. म्हणजे परीक्षेच्या आधी तीन महिने हातात ठेवून सुरुवात करावी. पहिल्या पंधरवड्यात वाचलेलं डोक्यात शिरत नाही म्हणून आपलं डोकंच तंबाखूवर चालतं असा निष्कर्ष काढू नये. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात जागा बदलावी, कट्ट्यावरून उठून रंकाळ्याकडे चालत सुटावं. डबी, चुन्याची पुडी खोलीत ठेवू नये, अभ्यासाची जागाही बदलता आली तर बदलावी. निकोटिनचा च्युइंगम आणि औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं मिळतात, आणि 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन केला तर सोडायला मदत करणारा माणूस फुकट बोलतो.